उसाचा फड आणि कुस्तीचा फड



आम्ही चौघं कोल्हापूरकडून आलो आहोत. चौघंही एका गावची, एका तालमीतली आणि चौघांचेही कान मोडलेले. काल जेवणाच्या पंगतीत इथल्या एका लहान मुलीनं आमच्याकडं बराच वेळ टक लावून पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "आजोबा, तुमच्या कानांना काय झालं?" तिला सांगितलं, बाळ, हे कुस्तीनं झालं. तेव्हा तिनं दुसरा प्रश्न विचारला, "मग दुखत नाही का?" आता दुखत नाही, पण दुखायचं. लढतीत कान घासून घासून सुजतो, आत रक्त साकळतं आणि मग तो तसाच घट्ट होऊन बसतो. आमच्याकडं माणसाचा कान बघून लोक ओळखतात की हा पैलवान. मुलगी दाखवायच्या वेळी मुलीकडचेसुद्धा आधी कानाकडं बघायचे. मोडलेला कान म्हणजे पोरगा निर्व्यसनी, असा त्याचा एक अर्थ. आणि खाणारा, असा दुसरा!

शताब्दीच्या या सोहळ्यात आमच्या लहानपणची कुस्ती आणि गावच्या चालीरीती यांविषयी बोलावं असं आपल्या संयोजकांनी कळवलं. चौघांनी बोलणं बरं दिसत नाही म्हणून एकाच्या तोंडून चौघांचं सांगतो.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आमचं गाव म्हणजे आपल्या पूर्वजांचं गाव, असं समजू नका. आपल्यापैकी बहुतेकांची मुळं कोकणात, रत्नागिरीकडची, सावंतवाडीकडची, काहींची सातारकडची. आम्ही घाटमाथ्यावरचे, पंचगंगेच्या काठचे. मध्ये सह्याद्री उभा आहे. आंबा घाट, गगनबावडा, फोंडा घाट असे घाट उतरलं की तुमचं कोकण. खालून वर नारळ, मीठ, सुकी मासळी यायची आणि वरून खाली गूळ जायचा. एवढंच नातं, पण ते पुष्कळ जुनं. परवा इथल्या मंडळींनी झाकरी नाचून दाखवली. तिलाच कोकणात जाखडी म्हणतात. आमच्याकडं ती नाही. आम्ही ती तिकडं लांबून पाहिलेली आणि इथं समुद्रापार येऊन जवळून पाहिली. गंमत आहे.

आता तालमीकडं येतो.

आमच्या गावची तालीम म्हणजे दगडी भिंतींची एक लांबट खोली. दार ठेंगणं. वाकल्याशिवाय आत जाताच यायचं नाही. आत अंधार, कारण खिडक्या वर आणि लहान, वारा अंगावर येऊ नये म्हणून. कोनाड्यात मारुती, शेंदरानं जाड झालेला. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर लंगोट. कोपऱ्यात करेल, म्हणजे तुम्ही मुद्गल म्हणता तसलं लाकडी वजन. आणि मधोमध हौदा. हौदा म्हणजे पाण्याचा नव्हे, लाल मातीचा. ती माती नुसती माती नसते. चाळून, खडे वेचून आणलेली तांबडी माती, तीत ताक, हळद, तेल, लिंबाचा रस घालून मळलेली. वर्षातून एकदा नवी माती पडायची तेव्हा घरोघरी ताक मागायला आम्ही पोरं फिरायचो. ज्या घरचा पोरगा तालमीत नाही ते घरसुद्धा ताक द्यायचं. गावची तालीम, गावची माती.

पहाटे चारला उठायचं. थंडीत हे फार जड जायचं. हौद्यात उतरण्याआधी माती खोऱ्यानं उकरायची. तोच पहिला व्यायाम. मग जोर, मग बैठका, मग सपाट्या. आकडे मोठ्यानं मोजायचे नाहीत. वस्ताद दारापाशी पोत्यावर बसलेले असायचे, हातात निरगुडीची छडी. डोळे मिटलेले. आम्हाला वाटायचं झोपले. दोन जोर कमी मारून उठलं की छडी बरोबर पोटरीवर. व्यायाम झाला की मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि लढतीला सुरुवात. लढत म्हणजे सरावाची कुस्ती. घाम आला की अंगावर माती घ्यायची, घाम जिरतो आणि पकड सुटत नाही. सगळं संपलं की मातीतच थोडा वेळ पडून राहायचं. अंग गार व्हायचं. त्या वेळी वस्ताद गोष्टी सांगायचे आणि डाव सांगायचे.

डावांची नावं ऐकली की कळतं, ही विद्या कुठल्या लोकांनी वाढवली. धोबीपछाड म्हणजे परीट धुणं खांद्यावरून दगडावर आपटतो तसा समोरच्याला आपटायचा. मोळी म्हणजे सरपणासारखा बांधायचा. झोळी म्हणजे झोळीत घातल्यासारखा उचलायचा. सवारी, घिस्सा, ढाक, टांग, एकलंगी, कलाजंग. आणि पट. पट काढणं म्हणजे खाली झेपावून समोरच्याचे पाय धरणं. दिसायला सोपा, पण वेळ चुकली की आपणच खाली. वस्ताद म्हणायचे, डाव शंभर शिकू नका, एक शिका आणि त्याची तोड शिका.

कोल्हापूर कुस्तीचं गाव झालं ते राजर्षी शाहू महाराजांमुळं. 1894 ते 1922 हा त्यांचा राज्यकाळ. महाराज स्वतः आखाड्यात उतरणारे, अंगानं धिप्पाड. त्यांनी पैलवान पोसले, तालमींना आश्रय दिला आणि खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं. ते 1912 मध्ये खुलं झालं. आपल्यापैकी कुणी कोल्हापूरला आला तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर तिथं जरूर जा, दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. मैदान गोल आहे आणि मधला आखाडा खाली. चारी बाजूंनी उतरती बैठक. त्यामुळं शेवटच्या माणसालासुद्धा पैलवानाचे पाय दिसतात. कुस्ती पायांत असते हो. चेहरा दिसला नाही तरी चालतं, पाय दिसले पाहिजेत. हे ज्यानं ओळखलं तो राजा खरा जाणकार.

शहरातल्या मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमी फार नावाजलेल्या. 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले ते श्रीपती खंचनाळे, ते कोल्हापूरच्या मातीत तयार झाले. पुढं गणपत आंदळकर, मारुती माने. ही नावं आमच्या लहानपणी घरातल्या माणसांसारखी घेतली जायची. आणखी एक सांगायचं, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. कोल्हापुरात पुष्कळ तालमींत मोहरमचे पंजे बसतात. मारुतीही तिथंच आणि पंजाही तिथंच. एका तालमीचं तर नावच काळा इमाम तालीम. कुणाला त्यात नवल वाटायचं नाही.

खाशाबा जाधवांचं मात्र थोडं थांबून सांगतो. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर म्हणून गाव आहे, तिथले ते. अंगानं लहानखुरे. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. तोवर सगळी कुस्ती मातीतली, मॅटवर पाय ठेवायचा प्रसंग तिथंच आला. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं पदक. परत आले तेव्हा कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. आमच्या वस्तादांना ही गोष्ट सांगताना पदकापेक्षा घर सोडवल्याचं जास्त कौतुक वाटायचं. पुढं खाशाबा पोलीस खात्यात नोकरीला होते. 1984 ला अपघातात गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर पुष्कळ वर्षांनी. याच्यावर आम्ही चौघं बोलायला लागलो तर चौघांचाही आवाज चढतो, तेव्हा पुढं जातो.

आता जत्रा.

आमच्या गावची जत्रा माघ पौर्णिमेची. आदल्या रात्री पालखी निघायची, घरोघरी दारात पालखीच्या भोयांच्या पायांवर पाणी घालायचं. माहेरवाशिणी आलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठच्या पडीक रानात मैदान. सकाळपासून हलगी घुमायची. हलगी, घुमकं, कैताळ. हलगीचा तो ठेका ऐकला की अजूनही आमच्या मांड्या आपोआप फुरफुरतात, या वयात शोभत नाही तरी.

सुरुवात लहान पोरांची. पाच-सहा वर्षांची पोरं, लंगोट धड बांधलेला नाही, कुस्ती बत्ताशावर. जिंकेल त्याला बत्तासे, हरेल त्यालाही बत्तासे, पण थोडे कमी. मग नारळावरच्या कुस्त्या, मग रुपयाच्या, मग वाढत वाढत संध्याकाळी शेवटची मोठी इनामाची. जोड लावायचं काम गावातल्या जुन्या पैलवानांचं. तराजू नाही, वजनकाटा नाही. दोन पोरं समोरासमोर उभी करायची, खांदे बघायचे, मांड्या बघायच्या, हाताला हात लावून दाबून बघायचा आणि म्हणायचं, "जोड हाय." वयाचा दाखला कुणी मागायचं नाही. नजर चुकायची नाही फारशी.

आणि निकाल म्हणजे निकाल. तेव्हा गुण नव्हते. समोरच्याची पाठ मातीला लागली, आकाश दिसलं, म्हणजे चितपट. तोवर कुस्ती चालायची, मग पाऊण तास लागो की तास. अगदीच होईना तर पंच बरोबरीत सोडवायचे आणि लोक आरडाओरडा करायचे. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायचं, फेटा बांधायचा, मग तो हात पुढं करून गर्दीतून फिरायचा आणि लोक नाणी द्यायचे. यात भीक मागितल्याची लाज नव्हती. उलट ज्याच्या हातात जास्त नाणी तो मोठा. एखादी म्हातारी कनवटीचे चार आणे काढून द्यायची आणि वर गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची.

इथपर्यंत सगळं गोड झालं. परदेशात आपल्या गावाविषयी बोलताना माणूस गोडच बोलतो. पण आपण इथं आपल्या पूर्वजांनी काय सोसलं तेही झाकत नाही. परवा आप्रवासी घाटावर त्या 16 पायऱ्या दाखवताना आपल्या माणसानं आम्हाला सगळं सांगितलं. तापवाल्यांची खोली कुठं, जनावरासारखं कुठं बसवायचे, सगळं. मग आम्हीच का झाकायचं?

तालमीत जात नसते असं आमच्याकडं म्हणतात. हौद्यात ते बरंचसं खरं होतं. एकदा माती अंगाला लागली की कोण कुणाचा ते दिसत नाही, आणि शाहू महाराजांच्या मुलखात हे बोलायला तोंड होतं. ज्या राजानं 1902 सालीच नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात सगळ्यांदेखत चहा घेतला, त्या राजाचा तो मुलूख. पण मैदानावर जी हलगी वाजायची ती वाजवणारा मांगवाड्यातला. त्याच्या हलगीशिवाय मैदान भरत नव्हतं, पालखी हलत नव्हती. आणि देवळात मात्र तो पायरीच्या खाली. मैदान संपल्यावर पैलवानांना मटणाचं जेवण, त्याची पंगत वेगळी, लांब, झाडाखाली. आम्ही लहान होतो, पण आम्हाला दिसत होतं. आमच्या वस्तादांनी एक केलं. ते जेवायला नेहमी त्या झाडाखाली जाऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. गावातल्या थोरांना आवडायचं नाही, पण वस्तादांना कोण बोलणार? त्यांच्यामागं आम्ही पंधरा-वीस पोरं जायचो, कारण वस्ताद जिथं तिथं पोरं. दोन-तीन वर्षांत वेगळी पंगत आपोआप मोडली. ठराव झाला नाही, भाषण झालं नाही.

दुसरी गोष्ट दुधाची. पैलवान म्हणजे खुराक. दूध, तूप, बदाम, खारीक. थंडाई म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी रात्री भिजवून सकाळी पाट्यावर वाटायची आणि दुधात घालून प्यायची. सांगायला बरं वाटतं. पण घरात म्हैस एक आणि खाणारी तोंडं आठ असली की पैलवानाच्या तांब्यात जाणारं दूध कुणाच्या तरी वाटचं असतं. आमच्या चौघांपैकी एकाच्या घरी पाठची बहीण होती, दहा-अकरा वर्षांची. पहाटे उठून थंडाई ती वाटायची. दुधाचा तांब्या घेऊन तालमीपर्यंत यायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि परत जायची, कारण बायकांनी तालमीत पाय ठेवायचा नाही ही चाल. घरी जाऊन ती गुळाचा कोरा चहा प्यायची. तिला दूध नको होतं असं नाही. घरात कुणी विचारलंच नाही. घराघरांत असंच होतं.

ती बहीण आज आजी आहे आणि तिची नात मॅटवर कुस्ती खेळते. 2023 साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. त्या दिवशी ही आजी टीव्हीसमोरून उठली नाही. आम्ही तिला विचारलं, आता कसं वाटतंय? ती म्हणाली, "वाटायचं काय त्यात? दूध सगळं डेअरीला घालत्यात. पोरीसाठी अर्धा लिटर राखायला मला रोज सुनेशी भांडावं लागतंय." एवढंच म्हणाली.

आता जे सांगतो ते आपल्यासमोर सांगावं की नको, याचा आम्ही चौघांनी विमानात विचार केला. सांगायचं ठरलं.

आमच्याकडं फड हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. कुस्तीचा फड आणि उसाचा फड. (तमाशाचाही असतो, तो राहू दे.) आपल्या पूर्वजांना बोटीत घालून इथं आणलं ते उसासाठी. आमचा मुलूखही उसाचा. आमच्या आज्यांच्या काळी गुऱ्हाळं होती, नंतर सहकारी साखर कारखाने आले. त्या कारखान्यांनी पैलवानांना मानधनं दिली, मैदानं भरवली. आमच्या कुस्तीला उसानं पोसलं म्हटलं तरी चालेल. पण ऊस तोडतो कोण?

1972 चा दुष्काळ मोठा होता. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे. मराठवाड्यातून, बीडकडून, ऊस तोडायला टोळ्या यायला लागल्या, दरवर्षी अधिकाधिक. दिवाळीच्या पुढं-मागं यायचे, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत राहायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. निघायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या, माणूस वाकूनच आत जाईल एवढ्या. आपल्याकडं एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायचे, डबल कट म्हणायचे, असं काल ऐकलं. तिकडं त्याला खाडा म्हणतात. आजही खाडा पडला की दंड उचलीत चढतो. काल हे ऐकताना आम्ही चौघं एकमेकांकडं बघत होतो.

तालमीच्या मागच्या माळावर अशा कोप्या पडल्या होत्या. तिथला एक पोरगा आमच्या घरी म्हशींना वाढं विकायला यायचा. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आमच्याच वयाचा, बोलणं वेगळं, आम्ही त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो आणि तो आमच्या. एके पहाटे तो तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. वस्तादांनी डोळे न उघडता विचारलं, "लंगोट हाय का रं?" तो नाही म्हणाला. वस्तादांनी आपल्या जुन्या फेट्याचं कापड फाडलं आणि त्याला लंगोट बांधून दिला.

तो महिनाभर आला असेल. रोज नाही. ज्या रात्री गाडी भरायची असायची त्या पहाटे येत नसे. त्याला जोर-बैठका शिकवाव्या लागल्याच नाहीत. कंबर लोखंडाची होती, मोळ्या उचलून उचलून झालेली. मनगट कोयत्याचं. वस्तादांनी त्याला एकच डाव दिला, ढाक. तो त्यानं असा उचलला की आमच्यातला सगळ्यात उंच पोरगा, जो आज या पहिल्या रांगेत बसून हसतो आहे, त्याला जत्रेच्या मैदानात तिसऱ्या मिनिटाला आकाश दाखवलं. नारळाची कुस्ती होती. परगावचा, कोपीतला पोरगा जिंकला आणि मैदान क्षणभर गप्प झालं. मग हलगीवाल्यानं अशी हलगी लावली की लोकांना ओरडावंच लागलं. पोरगा फिरला, नाणी सदऱ्यात गोळा केली. नारळ मारुतीपुढं फोडून अर्धी वाटी वस्तादांना आणून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप वस्तादांकडं आला. भांडायला नाही, हात जोडून. म्हणाला, पोरगं दिवसा फडात पेंगतंय, कोयता हातावर बसंल, आणि मुकादम म्हणतोय की पोराला धरून उचल घेतली हाय, तालमीसाठी नाही. वस्ताद मुकादमाकडं जाऊन आले. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण पोरगा पुन्हा पहाटे आला नाही. वाढं विकायला यायचा तेवढाच. पुढच्या साली माळावर दुसरी टोळी होती. विचारलं तर म्हणाले, ती टोळी आता दुसऱ्या कारखान्याला गेली. त्याचा लंगोट दोन महिने खुंटीवर होता, मग वस्तादांनी दुसऱ्या गरजू पोराला दिला. वस्ताद काटकसरीचे होते.

परवा मोक्याला महात्मा गांधी संस्थेत आपण आम्हाला जुनी रजिस्टरं ठेवली आहेत ती जागा दाखवली. आपल्या पूर्वजांचं नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. ज्यांनी लिहिलं त्यांनी मायेपोटी लिहिलं नव्हतं, पळाला तर सापडावा म्हणून लिहिलं होतं. तरी त्याच कागदावरून आज आपली मुलं आपलं गाव शोधत रत्नागिरीपर्यंत येतात. त्या कोपीतल्या पोराचं कुठल्याच वहीत काही नाही. शाळेत नाव नव्हतं. मुकादमाच्या वहीत बापाचा कोयता होता, पोरगा नव्हता. आम्हाला त्याचं नाव आठवतं, आडनाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कपाळाच्या डाव्या बाजूला उसाच्या पात्यानं कापल्याची खूण होती. असलाच तर आज आमच्याएवढा असेल.

संयोजकांनी विचारलं होतं की गावची तालीम अजून आहे का. आहे. छत पत्र्याचं झालं, दार मोठं केलं, आता वाकावं लागत नाही. हौदा आहे, शेजारी मॅटही घातली आहे, कारण नोकरीसाठी स्पर्धा खेळायच्या तर मॅटवरच खेळाव्या लागतात. गुणांची कुस्ती आम्हाला अजून नीट कळत नाही, सहा मिनिटांत खेळ खलास. पण पोरांना कळते आणि त्यांची मनगटं आमच्यापेक्षा चपळ आहेत, हे मान्य केलं पाहिजे. संध्याकाळी मुलींची वेळ असते. कोप्या अजून पडतात, माळ विकला गेल्यामुळं जरा लांब, ओढ्यापलीकडं. गेल्या चार-पाच हंगामांत आमच्यातला एकजण तिथल्या मुलांना रविवारी तालमीत घेऊन येतो. मुकादम आता आडवा येत नाही, काही येतात, काही येत नाहीत. येणाऱ्यांचं नाव, आडनाव, गाव आणि तालुका एका वहीत लिहून ठेवायची पद्धत पाडली आहे.

येताना आम्ही डबाभर लाल माती आणणार होतो. इथल्या नियमात माती आणता येत नाही असं कळलं, म्हणून राहिली. पण आज संध्याकाळी देवळामागच्या हिरवळीवर ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. मुलीही याव्यात. लंगोट नको, साधी चड्डी-सदरा चालेल. पट कसा काढतात ते आम्ही दाखवू. गुडघे साथ देतील तेवढं. आणि झाकरीच्या ढोलकीवाल्यानं जरूर यावं, आम्ही त्याला हलगीचा ठेका तोंडानं म्हणून दाखवू, बघू ढोलकीवर बसतो का.